लग्नाचे वय : कायदा, ख्रिस्तसभा आणि आपले घर



संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात याईर नावाच्या बापाची हकीकत आहे. त्याची मुलगी मरणाला टेकलेली असते. तो सभास्थानाचा अधिकारी, गावातला मानाचा माणूस, पण सर्वांसमोर येशूच्या पाया पडतो. वाटेतच निरोप येतो की मुलगी गेली, आता गुरुजींना त्रास देऊ नका. येशू तरीही त्याच्या घरी जातो. रडारड करणाऱ्यांना बाहेर काढतो, आईबापांना जवळ ठेवतो, मुलीचा हात धरून तिला उठवतो. मार्क इथे दोन लहान गोष्टी आठवणीने लिहून ठेवतो. एक, मुलगी १२ वर्षांची होती. दुसरी, येशूने तिला काहीतरी खायला द्यायला सांगितले.

त्या काळच्या यहुदी समाजात या वयाच्या मुलीच्या सोयरिकीच्या गोष्टी सुरू होत असत. येशूने मात्र तिच्यात एक भुकेले लेकरू पाहिले. लग्नसराईचे दिवस जवळ आले की आपल्या घराघरांत मुलीच्या वयाची चर्चा सुरू होते. म्हणून या पाठात आपण लग्नाच्या वयाचा कायदा समजून घेणार आहोत. हा कायदा कौटुंबिक आहे आणि फौजदारीही आहे. तो माहीत नसल्यामुळे चांगली घरे पोलीस ठाण्याच्या आणि न्यायालयाच्या दारात उभी राहतात आणि सर्वांत जास्त सोसते ती मुलगी.

१. हा प्रश्न जुना आहे

सुमारे १४० वर्षांपूर्वी मुंबईत एक खटला गाजला. रखमाबाईंचे लग्न त्यांच्या वयाच्या ११ व्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिले होते. त्या नांदायला गेल्या नाहीत, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून शिकत राहिल्या. १८८४ मध्ये नवऱ्याने दावा केला की बायकोने नांदायला यावे. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अजाणत्या वयात झालेल्या लग्नापायी एका स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध नवऱ्याच्या घरी पाठवणे त्यांना पटले नाही. पण अपिलात तो निकाल फिरला. १८८७ मध्ये न्यायालयाने सांगितले की नांदायला जा, नाहीतर ६ महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये २,००० रुपये देऊन तडजोड झाली आणि त्या सुटल्या. पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे अनेक वर्षे त्यांनी स्त्रियांची सेवा केली.

या खटल्यामुळे देशभर एक प्रश्न विचारला गेला : जिला लग्न म्हणजे काय हे कळत नाही, तिचा होकार कुणी दिला? १८९१ मध्ये संमतीवयाचा कायदा झाला. १९२९ मध्ये सारडा कायदा आला आणि त्याने मुलीचे वय १४ व मुलाचे १८ ठरवले. नांदेड-लातूरचा आपला भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे ब्रिटिश हद्दीतला हा कायदा इथे आपोआप लागू झाला नाही. पुढे १९७८ च्या दुरुस्तीने मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ झाले. आजही तेच वय आहे. मुलीचे वय २१ करण्याचे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते, पण ते मंजूर झाले नाही आणि २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाल्यावर रद्द झाले.

२. आजचा कायदा काय सांगतो?

बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. तो हिंदू, बौद्ध, मुस्लिम, ख्रिस्ती अशा सर्व नागरिकांसाठी आहे. आपले लग्न चर्चमध्ये होते म्हणून आपल्याला वेगळी सूट नाही. १८ वर्षे पूर्ण न झालेली मुलगी आणि २१ वर्षे पूर्ण न झालेला मुलगा हे लग्नाच्या कायद्यापुरते बालक आहेत.

शिक्षा कुणाला होते, हे नीट वाचावे.

(अ) १८ वर्षांवरील पुरुषाने बालिकेशी लग्न केले तर त्याला २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

(आ) जो लग्न लावतो, त्याला मदत करतो किंवा चिथावणी देतो, त्यालाही २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. यात भटजी, काझी, भन्ते, पास्टर आणि फादर सर्व आले.

(इ) आईवडील, पालक, लग्नाला उत्तेजन देणारे, ते होऊ देणारे आणि अशा लग्नात भाग घेणारे यांनाही तेवढीच शिक्षा आहे. स्त्रीला या कायद्याखाली तुरुंगवास देता येत नाही, पण दंड होऊ शकतो.

हे गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन हक्काने मिळत नाही.

असे लग्न होणार असल्याचे कळले तर न्यायदंडाधिकारी मनाई हुकूम देऊ शकतात. मनाई असताना लग्न लावले तर ते लग्न मुळातच रद्द ठरते. पळवून नेऊन, फसवून, बळजबरीने किंवा विकत घेऊन लावलेले बालिकेचे लग्नही रद्दच असते.

बाकीचे बालविवाह मात्र आपोआप रद्द होत नाहीत. ज्याचे किंवा जिचे लग्न लहानपणी झाले, तिने स्वतः मागणी केली तर न्यायालय ते रद्द करते. मुलीला हा अर्ज वयाच्या २० वर्षांपर्यंत करता येतो. अर्ज जिल्हा न्यायालयात, किंवा जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे करायचा असतो. ती अजून १८ ची नसेल तर तिच्या वतीने पालक किंवा तिच्या विश्वासाची मोठी व्यक्ती बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याबरोबर अर्ज करू शकते. लग्न रद्द झाले तरी तिचे दुसरे लग्न होईपर्यंत तिला पोटगी आणि राहण्याची सोय न्यायालय ठरवून देऊ शकते. आणि अशा लग्नातून झालेले मूल कायद्याने औरसच मानले जाते. त्या बाळाला कुणी नावे ठेवू नयेत.

३. दवाखान्यात काय घडते?

खरी अडचण पुष्कळदा लग्नाच्या मांडवात समोर येत नाही. ती काही महिन्यांनी दवाखान्यात येते.

समजा, एका घराने १६ वर्षांच्या मुलीचे लग्न रात्री घरच्या घरी उरकले. कुणी तक्रार केली नाही. पुढच्या वर्षी मुलगी गरोदर राहिली आणि सासूने तिला सरकारी दवाखान्यात नेले. केसपेपर काढताना वय विचारले गेले. १८ वर्षांखालील मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळते, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे, असे २०१२ चा पोक्सो कायदा सांगतो. न कळवणे हाही गुन्हा आहे. म्हणून डॉक्टरांना पर्याय नसतो. पोलीस येतात, जबाब घेतात आणि नवऱ्यावर गुन्हा नोंदवतात. मग चौकशी लग्न लावणाऱ्यांपर्यंत आणि दोन्हीकडच्या आईबापांपर्यंत जाते.

पण ती तर त्याची लग्नाची बायको आहे, असे लोक म्हणतात. पूर्वी कायद्यात तशी पळवाट होती. बायको १५ वर्षांहून मोठी असेल तर नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा होत नसे. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पळवाट १८ वर्षांखालील पत्नीपुरती बंद केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही १८ हेच वय लिहिले आहे. पोक्सोमध्ये मुलीची संमती विचारात घेतली जात नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, अशा संबंधातून मुलगी गरोदर राहिली असेल तर किमान शिक्षा २० वर्षांची आहे. २१-२२ वर्षांच्या मुलाला लग्न लावून देताना हे कुणी सांगत नाही.

या भीतीने काही घरे मुलीला दवाखान्यात नेतच नाहीत. वय वाढवून सांगतात किंवा बाळंतपण घरी करतात. बंधू-भगिनींनो, हे कधीही करू नका. कोवळ्या वयातील बाळंतपणात आईच्या आणि बाळाच्या जिवाला धोका जास्त असतो. दवाखान्याला उपचार नाकारता येत नाहीत. पोलिसांचे काय होईल ते होईल, आधी लेकराचा जीव. याईर चारचौघांत मान खाली घालून येशूकडे गेला, तो मुलीच्या जिवासाठीच.

४. पळून गेलेली मुलगी

दुसरा प्रसंग याच्या उलट असतो. १६-१७ वर्षांची मुलगी ओळखीच्या मुलाबरोबर निघून जाते. बाप रागाने पोलीस ठाण्यात जातो. अपहरणाचा आणि पोक्सोचा गुन्हा नोंदवला जातो. काही घरे इज्जत झाकण्यासाठी दोघांचे घाईने लग्न लावतात. पण लग्न लावून दिले म्हणून आधीचा गुन्हा पुसला जात नाही, उलट बालविवाहाचा नवा गुन्हा त्यात भर घालतो. मुलगा स्वतः १८ वर्षांखालील असेल तर त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जाते.

पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जे केले ते विचार करण्यासारखे आहे. १४ वर्षांची मुलगी २५ वर्षांच्या तरुणाबरोबर राहायला गेली होती. खालच्या न्यायालयाने त्याला २० वर्षांची शिक्षा दिली. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला सोडले. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा दोषी असल्याचे सांगितले, कारण कायद्याने गुन्हा झालाच होता. मग न्यायालयाने तज्ज्ञांना त्या मुलीशी बोलायला पाठवले. ती आता मोठी झाली होती, तिला मूल होते आणि ती त्याच माणसाबरोबर राहत होती. तिला सर्वांत जास्त त्रास झाला होता तो पुढच्या पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांचा, नवऱ्याला सोडवण्यासाठी केलेल्या धडपडीचा आणि घरच्यांनी टाकून दिल्याचा. मे २०२५ मध्ये न्यायालयाने आपला खास अधिकार वापरून त्याला शिक्षा न देण्याचे ठरवले. समाज, तिचे कुटुंब आणि न्यायव्यवस्था या सर्वांनी तिला अंतर दिले, असे न्यायालयाचे मत पडले.

याचा अर्थ असा घेऊ नये की पुढे प्रत्येकाला अशी माफी मिळेल. न्यायालयाने ते एका प्रकरणापुरते केले आहे. त्यातून आपण एवढेच शिकावे की कायदा उशिरा आला की तो मुलीला वाचवू शकत नाही. १४ वर्षांच्या मुलीला घर सोडून जावेसे का वाटले, हे तिच्या घराने, शेजाऱ्यांनी आणि शिक्षकांनी आधी विचारायला हवे होते. १८ ऑक्टोबर २०२४ च्या बालविवाहावरील निकालातही सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले : खटल्यांची संख्या वाढवणे हे ध्येय नसावे, लग्न होण्याआधीच ते थांबवण्यावर सर्व जोर द्यावा.

५. ख्रिस्तसभा काय शिकवते?

काही जण म्हणतात की चर्चच्या कायद्यात मुलीचे वय १४ आहे, मग फादर लग्न का लावत नाहीत? १९८३ च्या धर्मविधीसंहितेत मुलासाठी १६ आणि मुलीसाठी १४ हे वय आहे, हे खरे आहे. ती संहिता जगातील सर्व देशांसाठी आहे, म्हणून त्यात कमीत कमी मर्यादा दिली आहे. त्याच संहितेत पुढे सांगितले आहे की देशाच्या रूढ वयाआधी तरुणांनी लग्न करू नये म्हणून धर्मगुरूंनी त्यांना परावृत्त करावे. देशाच्या कायद्याने मान्य होऊ शकत नाही असे लग्न धर्मप्रांताच्या अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय लावू नये, असेही त्यात आहे. म्हणून फादर वयाचा दाखला मागतात तेव्हा ते अडवणूक करत नाहीत. ते ख्रिस्तसभेचा नियम पाळतात आणि आपल्यालाही तुरुंगापासून वाचवतात.

ख्रिस्तसभेच्या शिकवणीत विवाह हा वधूवरांच्या संमतीने होतो. ती संमती आई, बाप, मामा किंवा भाऊबंद त्यांच्या वतीने देऊ शकत नाहीत. धाकाने दिलेला होकार हा होकार नसतो. वेदीसमोर फादर दोघांना विचारतात की तुम्ही मोकळ्या मनाने आला आहात का. घरच्यांकडे पाहून मान हलवणाऱ्या १५ वर्षांच्या मुलीला या प्रश्नाचे खरे उत्तर देता येईल का?

काही जण पवित्र मरियेचा दाखला देतात, तीही लहान होती म्हणतात. शुभवर्तमानात तिचे वय कुठेही दिलेले नाही. पण संत लूकने तिचा होकार मात्र सविस्तर लिहिला आहे. देवदूत आला, तिने प्रश्न विचारला, उत्तर ऐकले आणि मग स्वतः होकार दिला. परमेश्वराने तिला विचारले. आपण आपल्या मुलींना विचारतो का?

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. लहानपणीच्या लग्नाबद्दल ख्रिस्तसभेच्या न्यायमंडळाने ते अवैध असल्याचा निर्णय दिला, तरी सरकारी कायद्यात तेवढ्याने लग्न संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हे स्पष्ट केले आहे. न्यायालयाचा हुकूम नसताना दुसरे लग्न केले तर दोन बायका किंवा दोन नवरे केल्याचा गुन्हा होऊ शकतो. म्हणून दोन्ही ठिकाणची कागदपत्रे वेगवेगळी पूर्ण करावी लागतात.

६. आपल्या भागात असे का होते?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांच्या आत झाले होते. म्हणजे पाचातील एकीहून थोडे जास्त. मराठवाडा यात पुढे आहे. आईबाप वाईट असतात म्हणून असे होते का? नाही. त्यामागे गरिबी आहे आणि भीती आहे.

कंधार, मुखेड, जळकोट या तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुलाचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो. इकडे वयात आलेली मुलगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईचा प्रश्न असतो. फडावर नेली तर तिथेही उघड्यावर राहणे. शाळा सातवी-आठवीपर्यंत गावात, पुढची दूर. मुलगी लहान असली की हुंडा कमी लागतो, असाही हिशेब असतो. एकाच मांडवात दोन बहिणींची लग्ने उरकली तर खर्च वाचतो, म्हणून धाकटीचेही लावून देतात. आणि मुलगी कुणाशी बोलताना दिसली की गाव काय म्हणेल, या धास्तीने हात पिवळे करण्याची घाई होते.

ही भीती खोटी नाही. म्हणून नुसते कायदा आहे एवढे सांगून भागणार नाही. घराला दुसरी वाट दाखवावी लागेल. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी सरकारने २०२१ मध्ये संत भगवान बाबा वसतिगृह योजना आणली. शाळेला जाणाऱ्या मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो. सिस्टरांच्या शाळा आणि बोर्डिंगची परंपरा आपल्या ख्रिस्तसभेत जुनी आहे. ज्या घराला फडावर जायचे आहे, त्या घराच्या मुलीची ६ महिन्यांची सोय आपल्या धर्मग्रामातील दोन कुटुंबांनी मिळून केली, तर एक लग्न टळते.

७. आपण काय करावे?

लग्नाआधी :

सोयरीक पक्की करण्यापूर्वी दोघांचे शाळेचे दाखले आणि जन्माचे दाखले पाहावेत. आधार कार्डावरची तारीख वयाचा पक्का पुरावा मानली जात नाही. वयाचा वाद झाला तर शाळेचा किंवा बोर्डाचा दाखला, तो नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला पाहिला जातो. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी होते. बाप्तिस्म्याचा दाखला चर्चच्या नोंदीसाठी लागतो, तो आधीच काढून ठेवावा.

आत्ता साखरपुडा करू, लग्न १८ नंतर करू, असे म्हणून १५ व्या वर्षी मुलीला बांधून ठेवू नये. साखरपुडा झाला की तिची शाळा सुटते आणि पुढे तिला नाही म्हणता येत नाही. २०२४ च्या निकालात न्यायालयाने या प्रथेकडेही संसदेचे लक्ष वेधले आहे.

ओळखीच्या घरात असे लग्न ठरत असल्याचे कळले तर आधी जाऊन बोला. एकट्याने जमत नसेल तर फादर, सिस्टर किंवा प्रचारक यांना बरोबर न्या. तरीही थांबत नसेल तर १०९८ या मुलांच्या मोफत मदत क्रमांकावर किंवा ११२ वर फोन करा. गावात ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) आणि शहरात बालविकास प्रकल्प अधिकारी यांच्याकडे बालविवाह रोखण्याचे काम असते. अंगणवाडी ताईंना सांगितले तरी निरोप योग्य ठिकाणी जातो. जिचे लग्न लावले जाण्याचा धोका आहे, ती मुलगी बाल कल्याण समितीचे संरक्षण मागू शकते. फोन करणाऱ्याने त्या घराचे वैर केले, असे कुणी म्हणू नये. वेळेवर लग्न थांबले तर पुष्कळदा लेखी हमीवर आणि समजुतीवर भागते. लग्न लागल्यावर मात्र गुन्हा घडलेला असतो.

लग्न होऊन गेले असेल तर :

मुलीला दोष देऊ नका आणि लपवू नका. तिला माहेरी यायचे असेल तर दार उघडे ठेवा. तिला शाळेत परत पाठवता येते. लग्न रद्द करायचे की नाही, हे तिला शांतपणे ठरवू द्या, पण २० वर्षांची मुदत तिला सांगा. स्त्रिया आणि मुलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते. आणि ज्या जोडप्याचे असे लग्न पूर्वी झाले, जे आज वयाने मोठे आहेत आणि सुखाने नांदत आहेत, त्यांनी चर्चमध्ये आपला विवाह नियमित करून घेण्यासाठी फादरांना मोकळेपणाने भेटावे. लाजण्याचे कारण नाही.

८. समारोप

आपल्याकडे मुलीचे लग्न झाले की बाप म्हणतो, जबाबदारीतून मोकळा झालो. याईरच्या घरात मुलगी उठून चालू लागल्यावर जबाबदारी संपली नाही. तिला जेवायला घाला, असे येशूने सांगितले. म्हणजे तिला पोसा, वाढू द्या. १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबणे म्हणजे मुलीला आणखी काही वर्षे आपल्या ताटात जेवू घालणे. गरीब घराला ते सोपे नाही. म्हणूनच ते एकट्या बापाचे काम नाही, आपल्या सर्व धर्मग्रामाचे आहे.

छोट्या ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी प्रश्न :

१. आपल्या वस्तीत शाळा सोडलेली १४ ते १८ वयाची मुलगी आहे का? तिने शाळा का सोडली, हे आपल्यापैकी कुणी तिला विचारले आहे का?

२. ऊसतोडीला किंवा कामाला बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबाच्या मुलीची सोय आपला समूह कशी करू शकेल?

३. लहान मुलीच्या लग्नाची पत्रिका आली तर आपण काय करू? जेवून येऊ, घरी बसू, की जाऊन बोलू?

४. आपल्या घरात मुलीचे लग्न ठरवताना तिला एकटीला बसवून, न रागावता, तिचे मत विचारले जाते का?

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू याईरच्या मुलीचा हात धरलास. आमच्या मुलींना वाढण्यासाठी वेळ दे, त्यांच्या आईबापांना धीर दे आणि शेजारच्या लेकराला आपले मानण्याची बुद्धी आम्हा सर्वांना दे. आमेन.